बूट चावतो, तसा पाय चावला तर?

कृत्रिम पाय दिवसेंदिवस स्मार्ट होत चाललेत. पण तो पाय ज्याच्यावर चढवायचा, त्या उरलेल्या पायाची खबर कोण ठेवतं? जगातल्या काही लॅब्ज सध्या याच प्रश्नामागे लागल्यात...

नवे कोरे फॉर्मल शूज घालून सोमवारी ऑफिसला निघालात. स्टेशनचा जिना चढेपर्यंत सगळं मस्त. लंचपर्यंत टाचेची आग आग. संध्याकाळी घरी येऊन मोजा काढला तर हा एवढा फोड! मग काय, बँडेड लावायची, दोन दिवस फ्लोटर्स घालून फिरायचं आणि शूजच्या नावाने बोटं मोडायची. बूट चावला म्हणतो आपण आणि आठवड्याभरात विसरूनही जातो.

आता अशी कल्पना करा, की चावणारा तो बूट म्हणजे तुमचा पायच आहे. दोन दिवस काढून ठेवायचा म्हटला तर ऑफिसला जाणार कसे? बाथरूमपर्यंत तरी जाणार कसे? आणि नाही काढला, तसाच दामटला, तर फोडाची जखम होणार, जखम चिघळणार. मग दोन दिवसांची सुटी दोन महिन्यांवर जाते. कधीकधी डॉक्टर पुन्हा ऑपरेशन टेबलावर घेतात आणि आहे तो पाय आणखी वर कापावा लागतो. एका फोडावरून!

कृत्रिम पाय वापरणाऱ्यांसाठी हे काही हॉरर स्टोरीतलं वाक्य नाही. पाय बसवून घेतलेल्या कुणालाही विचारा, पहिली तक्रार गुडघ्याच्या जॉइंटची किंवा पावलाची नसते. ती असते 'स्टंप'ची. म्हणजे ऑपरेशननंतर जो पाय उरतो त्याची. मराठीत याला धड शब्द नाही. 'थोटा पाय' म्हणणं बरं वाटत नाही आणि डॉक्टरपासून पेशंटपर्यंत सगळे स्टंपच म्हणतात, तेव्हा आपणही तेच म्हणू.

गुडघ्यात चिप, पण...

कृत्रिम पायाची बातमी म्हटली की दोनच प्रकार आठवतात. एक, कुणीतरी शिखर सर केलं किंवा मॅरेथॉन पळालं. दोन, नवीन गॅजेट आलं. गॅजेटची लिस्ट खरंच सॉलिड आहे. जर्मनीच्या ऑटोबॉकने १९९७ साली 'सी-लेग' आणला. गुडघ्यातच मायक्रोप्रोसेसर, जो पावलागणिक ठरवतो की आत्ता किती वाकायचं आणि किती अडवायचं. आपल्या आयआयटी मद्रासनेही २०२२ मध्ये 'कदम' नावाचा देशी गुडघा आणला. त्याच्या आधी तर जयपूर फूट होताच. जयपूरच्या सवाई मानसिंग हॉस्पिटलमधले डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६८ च्या सुमारास तो घडवला. त्यावर मांडी घालता येते, उकिडवं बसता येतं, अनवाणी शेतात जाता येतं. याच पायावर सुधा चंद्रन पुन्हा स्टेजवर नाचली आणि अख्ख्या देशाला जयपूर फूट हे नाव पाठ झालं.

पण बॉस, हे सगळं सॉकेटच्या खालचं. सॉकेट म्हणजे वरचा तो खोल कप, ज्यात स्टंप घालायचा. गुडघा लाखांचा असो की फुकटातला, सॉकेट चावलं की पाय कोपऱ्यात उभा. कारमध्ये हवं ते इंजिन टाका, ड्रायव्हरच्या सीटमधून खिळा वर आला असेल तर कोण चालवणार?

आणि हा विषय कुणा दूरच्या माणसाचा नाही. मानसी जोशी आठवते? २०१९ मध्ये बासेलला पॅरा-बॅडमिंटनची वर्ल्ड चॅम्पियन झाली ती. २०११ च्या डिसेंबरमध्ये ती मुंबईत टू-व्हीलरवरून ऑफिसला निघालेली एक सॉफ्टवेअर इंजिनिअर होती. वाटेत ट्रकने उडवलं आणि डावा पाय गेला. सकाळी डबा घेऊन निघालेल्या कुणाचीही गोष्ट इथून सुरू होऊ शकते. शिवाय रेल्वेचे रूळ आहेत आणि डायबेटिस आहे. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात डायबेटिस असलेल्यांचा आकडा १०.१ कोटींच्या घरात आहे. त्यातल्या काहींच्या पायाची संवेदना जाते, तळव्याला जखम होते, कळतच नाही आणि मग कापण्यावाचून इलाज उरत नाही.

पोटरीला तळव्याची ड्युटी

मुळात स्टंप दुखतो का? कारण आपण त्याला भलतंच काम देतो.

तळव्याची कातडी जाड असते आणि तिच्याखाली चरबीची मस्त गादी असते. जन्मभर वजन पेलायचं हे धरूनच निसर्गाने ती बनवली. गुडघ्याखालून पाय गेला की ती ड्युटी अचानक पोटरीच्या आणि नडगीवरच्या पातळ कातडीवर येऊन पडते. वर आत कापलेल्या हाडाचं टोक. म्हणजे बाहेरून कडक प्लॅस्टिक, आतून कडक हाड आणि मधल्यामध्ये बिचारं मांस सँडविच झालेलं.

१९५० च्या दशकाच्या शेवटी कॅलिफोर्नियात बर्कलीच्या मंडळींनी यावर एक आयडिया काढली. सगळीकडे सारखा दाब द्यायचाच नाही. गुडघ्याच्या वाटीखाली बोटाने दाबून बघा, एक जाड दोरीसारखं लागेल. त्याला दाब चालतो. नडगीच्या दोन्ही बाजूंच्या मांसल भागालाही चालतो. हाडाच्या टोकाला आणि बाहेरच्या बाजूला गुडघ्याखाली जो हाडाचा उंचवटा असतो त्याला अजिबात चालत नाही. मग सॉकेटला आतून असा आकार द्यायचा, की जिथे चालतो तिथे ते टेकेल आणि जिथे चालत नाही तिथे मोकळं राहील. याला पीटीबी सॉकेट म्हणतात. आज साठ-पासष्ट वर्षांनंतरही जगातले कितीतरी पाय याच फंड्यावर उभे आहेत.

बनवायची पद्धतही बघण्यासारखी आहे. स्टंपवर पातळ मोजा चढवतात, त्यावर खास पेन्सिलने हाडांच्या जागांवर खुणा करतात आणि ओलं प्लास्टर गुंडाळतात. सुकलेला साचा काढून त्यात प्लास्टर ओतलं की स्टंपची हुबेहूब मूर्ती तयार. पेन्सिलच्या खुणा तिच्यावर उतरलेल्या असतात. मग प्रोस्थेटिस्ट, म्हणजे पाय बनवणारा तज्ज्ञ, कानस घेऊन बसतो. इथे दोन मिलिमीटर तासायचं, तिथे चार मिलिमीटर चढवायचं. जयपूरच्या पद्धतीत त्या मूर्तीवर भट्टीत मऊ केलेला एचडीपीई पाइप चढवतात. होय, तोच पाण्याच्या पाइपलाइनचा! नवीन सेंटर्समध्ये आता स्कॅनर आणि कॉम्प्युटर आलेत. पण कुठे किती तासायचं हे बहुतेक ठिकाणी अजूनही अनुभवी हातच ठरवतो.

सॉकेट बसवल्यावर मुख्य टेस्ट काय? तर एक प्रश्न : "दुखतंय का?"

कमाल आहे ना! एवढी मोठी इंजिनिअरिंग आणि शेवटी मीटर काय, तर पेशंटचं तोंड. ज्याला अपघातानंतर काय दुखणं नॉर्मल आणि काय नाही हेच माहीत नसतं, त्याने उत्तर द्यायचं. डायबेटिसमुळे ज्याच्या नसा मंदावल्यात तो तर प्रामाणिकपणे "नाही" म्हणणार. आणि लांबून आलेला, परतीची गाडी पकडायची असलेला माणूसही "नाही"च म्हणणार.

सकाळचा पाय, संध्याकाळचा पाय

बरं, "नाही" हे उत्तर खरं असलं तरी ते किती वेळ खरं राहणार? स्टंप काही लाकडाचा ओंडका नाही. ऑपरेशननंतरच्या वर्ष-दीड वर्षात त्याची सूज उतरते, वापरात नसलेले स्नायू बारीक होतात आणि पहिलं सॉकेट ढगळ होतं. हे एक वेळ समजू शकतो. पण त्यानंतरही तो दिवसात बदलत राहतो. सकाळी चढवलेला पाय दुपारपर्यंत सैल वाटायला लागतो, कारण दाबामुळे स्टंपमधलं पाणी इकडेतिकडे सरकतं. जास्त मीठ खाल्लं, पाळीचे दिवस आले, डायलिसिस झालं, वजन वाढलं, की माप बदललं.

यावरचा उपाय इतका साधा आहे की हसू येईल. मोजे! वेगवेगळ्या जाडीचे मोजे मिळतात. सैल वाटलं की एक वाढवायचा, घट्ट वाटलं की काढायचा. मुरलेली माणसं बॅगेत डब्याशेजारी मोज्यांची जोडी घेऊनच फिरतात. प्रॉब्लेम असा की मोजा बदलायचा तर अख्खा पाय काढावा लागतो. पँटच्या आतून. क्लायंट मीटिंगच्या मधे. म्हणून बरेच जण बदलत नाहीत. सैल सॉकेटमध्ये स्टंप पिस्टनसारखा वरखाली होतो, खाली टेकतो, घासतो. पुढचा सिनेमा आपण वर पाहिलाच आहे.

यात मुंबईचा घाम मिसळा. सिएटलच्या संशोधकांनी २००५ मध्ये एक छोटा पण डोळे उघडणारा प्रयोग प्रसिद्ध केला. गुडघ्याखाली पाय नसलेल्या पाच जणांच्या स्टंपवर चौदा ठिकाणी तापमान मोजलं. नुसता पाय चढवून तासभर बसल्यावर कातडीचं सरासरी तापमान ०.८ अंश सेल्सियसने वाढलं. त्यानंतर फक्त दहा मिनिटं चालल्यावर ती वाढ १.७ अंशांवर गेली. दीड-दोन अंश म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण अंगात एवढा ताप चढला तर आपण सिक लीव्ह टाकतो! सिलिकॉनच्या लायनरमध्ये हवा खेळत नाही, घाम जिरत नाही. ओलसर कातडी मऊ पडते आणि मऊ कातडी लवकर सोलते. हा प्रयोग झाला बंद खोलीत, सिएटलच्या थंड हवेत. मे महिन्यातल्या कुर्ला स्टेशनवर कुणी अजून चौदा सेन्सर लावल्याचं ऐकिवात नाही.

जे दिसत नाही ते जास्त डेंजर

आतापर्यंतचं सगळं निदान डोळ्यांना दिसतं तरी. संध्याकाळी पाय काढायचा, आरशात स्टंप सगळीकडून बघायचा, लाल झालंय का तपासायचं. दहा-पंधरा मिनिटांत लाली गेली तर ठीक, नाही गेली तर सॉकेट कुठेतरी जास्त दाबतंय. प्रत्येक सेंटरमध्ये हे शिकवतात आणि ते शिकवायलाच हवं.

पण यात दोन लोचे आहेत.

पहिला म्हणजे काही जखमा बाहेरून सुरूच होत नाहीत. तेल अविव विद्यापीठातले प्रा. अमित गेफेन यांच्या टीमने स्टंपच्या आतला ताण कॉम्प्युटर मॉडेलवर मांडून दाखवला. कापलेल्या हाडाच्या टोकाशी स्नायूवर सगळ्यात जास्त ताण येतो. कातडीपेक्षा स्नायू हळवा, त्यामुळे तो आधी मरतो. कातडी गुळगुळीत, आरशात सगळं ओके. आणि आत हाडाशेजारी खड्डा पडायला सुरुवात झालेली असते. तो वर येईपर्यंत उशीर होतो. आंबा बाहेरून पिवळाधमक आणि कापल्यावर कोयीपाशी काळा निघतो, तसलाच प्रकार.

दुसरा लोचा आपल्या रंगाचा. पुस्तकात लिहिलंय 'लाली बघा'. पण लाली दिसते गोऱ्या कातडीवर. सावळ्या किंवा काळ्या कातडीवर सुरुवातीची लाली फार कमी कळते. हा प्रश्न नुसत्या डोळ्यांचा नाही, मशिनचाही आहे. कोविडमध्ये घरोघरी आलेला पल्स ऑक्सिमीटर आठवा. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं, की या चिमट्याला न कळलेली ऑक्सिजनची कमतरता गोऱ्या पेशंट्सपेक्षा कृष्णवर्णीय पेशंट्समध्ये जवळपास तिप्पट प्रमाणात आढळली. स्टंपमधलं रक्त मोजायला जी प्रकाशाची यंत्रं येताहेत ती याच चिमट्याची भावंडं आहेत. ती आधी आपल्या रंगाच्या पायांवर तपासून घ्या, एवढी मागणी तर आपण आत्तापासूनच करायला हवी.

सॉकेटमधले हेर

तर मग सॉकेटच्या आतल्या अंधारात काय चाललंय हे कळणार कसं? इथून खरी मजा सुरू होते.

सगळ्यात जुना मार्ग दाब मोजायचा. कागदासारख्या पातळ सेन्सरच्या पट्ट्या सॉकेटमध्ये चिकटवायच्या आणि माणसाला चालवायचं. स्क्रीनवर लाल-पिवळा नकाशा येतो, तेव्हा हुरळून जायला होतं. पण पट्टीला सुरकुती पडली की ती थापा मारते, आणि गरम झाल्यावर आकडा हळूहळू सरकत जातो. शिवाय या पट्ट्या फक्त सरळ दाब मोजतात. कातडी सोलते ती मुख्यतः घासण्याने, म्हणजे बाजूच्या ओढीने. इंग्लंडच्या साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या इंजिनिअर मंडळींनी दाब आणि ओढ दोन्ही एकदम मोजणारे छोटे सेन्सर बनवले ते याचसाठी.

मला स्वतःला सगळ्यात भारी वाटली ती सिएटलमधल्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनच्या प्रा. जोन सँडर्स यांची आयडिया. जिममध्ये ते बॉडी फॅट सांगणारं मशीन असतं ना, ज्यावर अनवाणी उभं राहायचं आणि मग मूड ऑफ करून घ्यायचा? ते अंगातून अगदी सौम्य करंट सोडतं. पाण्यातून करंट सहज जातो, चरबीतून अडखळत जातो, त्यावरून ते हिशोब मांडतं. सँडर्स यांच्या टीमने हेच तंत्र स्टंपवर लावलं. चार-पाच पातळ इलेक्ट्रोड चिकटवायचे, वर सॉकेट चढवायचं आणि माणसाला बसवायचं, उठवायचं, चालवायचं. आत पाणी किती कमी-जास्त झालं ते पाय न काढता लाइव्ह कळतं.

यातून जे कळलं ते इंटरेस्टिंग आहे. सगळ्यांचे स्टंप एकसारखे वागत नाहीत. कुणाचा चालल्यावर आक्रसतो तर कुणाचा फुगतो. म्हणजे 'दुपारी एक मोजा वाढवा' हा सरसकट सल्ला काहींसाठी उलटाच. आणि दुसरं, मधे थोडा वेळ पाय काढून बसलं तर काही जणांच्या स्टंपमध्ये पाणी परत भरतं आणि पुढचे काही तास सॉकेट बरं बसतं. करोडोंची लॅब आणि निष्कर्ष काय, तर थोडी विश्रांती घ्या! आज्जीने फुकटात सांगितलं असतं, म्हणाल. पण कुणाला किती वेळ आणि दिवसाच्या कुठल्या टप्प्यावर, हे आज्जीला नसतं सांगता आलं.

साउदॅम्प्टनच्याच टीमचा आणखी एक प्रयोग आहे. कातडीवर दोन मिनिटं एक चिकटपट्टी लावतात. वॅक्सिंगच्या पट्टीची आठवण झाली ना? पण ही केस ओढत नाही, कातडीवरचा तेलकटपणा टिपते. दाबाने वैतागलेल्या पेशी काही विशिष्ट प्रोटीन्स सोडतात. पट्टी लॅबमध्ये तपासली की त्यांचं प्रमाण कळतं. लाली दिसण्याच्या आधीच, रंग कुठलाही असो, कातडी "बास झालं" म्हणाली की कागदावर येतं. सध्या हे लॅबचंच काम आहे, केमिस्टकडे मिळायला वेळ आहे. पण दिशा मला पटते.

आतला खड्डा शोधायला सोनोग्राफी. मांस मऊ की कडक, सूज कुठे, स्नायूची जागा चरबीने घेतलीय का, हे तिच्यातून कळतं. एमआयटीचे प्रा. ह्यू हर यांच्या लॅबने तर एमआरआय काढून स्टंपच्या प्रत्येक भागाची लवचिकता मांडली आणि त्यावरून सॉकेट डिझाइन केलं. हर यांना हा विषय पुस्तकातून शिकावा लागला नाही. १९८२ मध्ये गिर्यारोहण करताना ते बर्फात अडकले आणि हिमदंशाने त्यांचे दोन्ही पाय गुडघ्याखाली गेले.

सोनोग्राफीचा भारतातला पेच मात्र कुठल्या अमेरिकन पेपरात सापडणार नाही. आपल्याकडे गर्भलिंग निदानाविरुद्ध कायदा आहे. महाराष्ट्राने तो १९८८ मध्ये सगळ्यात आधी केला, देशाचा १९९४ मध्ये आला. तो हवाच. पण त्यामुळे प्रत्येक सोनोग्राफी मशीन नोंदवावं लागतं आणि हातात मावणारं पोर्टेबल मशीन घेऊन गावोगाव फिरायला कडक बंधनं आहेत. म्हणजे स्टंपसाठी खिशातलं सोनोग्राफी यंत्र उद्या आलं, तरी ते खेड्यातल्या शिबिरात कोण आणि कसं वापरणार, हा प्रश्न इंजिनिअरच्या आधी वकिलाला विचारावा लागेल.

फोन वाजला. पुढे काय?

धरून चला, की सगळं जमलं. सेन्सर लायनरमध्ये शिवले, घामाने खराब होत नाहीत, बॅटरी आठवडाभर टिकते. सकाळी ९.१० ची फास्ट लोकल, चौथ्या सीटवर अर्धं टेकलेले तुम्ही, आणि फोन वाजतो : 'डाव्या बाजूला धोका, पाय काढून ठेवा.'

काढणार? कुठे? कसा? आणि काढलात तर अंधेरीला उतरणार कसे?

सगळ्या स्मार्ट हेल्थ गॅजेट्सचा हा जुना आजार आहे. धोका सांगतात, पण त्यावर करता येण्यासारखं काही हातात देत नाहीत. दिवसातून सहा वेळा वाजणारा अलार्म तिसऱ्या दिवशी म्यूट होतो, हे आपल्याला स्मार्टवॉचने शिकवलंच आहे. त्यात स्टंपचं 'नॉर्मल' काय, हेच अजून कुणी ठरवलेलं नाही.

डायबेटिक पायाच्या बाबतीत हे गणित बरंच सुटलंय. अमेरिकेत २००४ ते २००७ दरम्यान प्रसिद्ध झालेल्या ट्रायल्समध्ये पेशंट्सना घरी एक साधा इन्फ्रारेड थर्मामीटर दिला होता. रोज दोन्ही तळवे मोजायचे. एकाच जागी दोन पायांत ४ अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण २.२ अंश सेल्सियसचा फरक आला की चालणं कमी करायचं आणि नर्सला फोन लावायचा. जखमा चांगल्याच कमी झाल्या. इतकी साधी गोष्ट! पण यातली चलाखी लक्षात घ्या. इथे उजव्या पायाचं नॉर्मल डावा पाय सांगतो. ज्याचा एक पायच नाही, त्याने कशाशी तुलना करायची? चांगल्या पायाची पोटरी उघडी, मोकळी, आणि स्टंप दिवसभर सिलिकॉनमध्ये उकडलेला. म्हणून स्टंपची तुलना स्टंपशीच करावी लागते, आजची कालशी. त्यासाठी महिनोन्महिन्यांची नोंद हवी. आणि एकदा नोंद आली, की ती कुणाच्या हातात जाणार हेही आलंच. विमा कंपनीच्या? एचआरच्या? 'याचा स्टंप वर्षातून साठ दिवस खराब असतो' हे अप्रेझलच्या वेळी कुणाच्या लॅपटॉपवर उघडं असावं असं तुम्हाला तरी वाटेल का?

आपल्याकडे गाडी कुठे अडते

महाराष्ट्राकडे खरं तर या विषयाचं भांडवल चांगलं आहे. पुण्यात १९४४ पासून लष्कराचं आर्टिफिशियल लिंब सेंटर आहे. दुसऱ्या महायुद्धातले जखमी जवान हे त्याचे पहिले पेशंट. मुंबईत हाजी अलीला १९५५ पासून केंद्र सरकारची फिजिकल मेडिसिनची संस्था आहे. आपण तिथून सिग्नलला थांबून सी-फेसचे फोटो काढत जातो, आत पाय बनतात हे किती जणांना ठाऊक असतं? जयपूर फूट बसवणारी भगवान महावीर विकलांग सहायता समिती १९७५ पासून लोकांना मोफत पाय देते आणि शिबिरंही भरवते.

शिबिराचं कौतुक करावं तेवढं थोडं. सरपटत आलेला माणूस चालत घरी जातो, याच्यापुढे कुठलाही सेन्सर फिका. पण स्टंपच्या नजरेने बघितलं तर खरी परीक्षा त्या दिवशी संध्याकाळी सुरू होते. सहा महिन्यांनी सॉकेट सैल होतं तेव्हा शिबिर दुसऱ्या जिल्ह्यात असतं. नंदुरबारच्या शेतकऱ्याने एक फोड दाखवायला मुंबई गाठायची का? तो नाही गाठत. तो पाय खुंटीला टांगतो आणि पुन्हा कुबड्या घेतो. त्यामुळे आपल्याकडे हाय-फाय सॉकेटपेक्षा त्याच्या गावच्या आरोग्य केंद्रात स्टंप तपासता येणारं, घामाला न घाबरणारं, नर्सला दहा मिनिटांत वापरता येणारं काहीतरी स्वस्त यंत्र जास्त कामाचं. ते अजून बाजारात नाही. कुणा इंजिनिअरिंगवाल्या वाचकाला फायनल इयरच्या प्रोजेक्टची आयडिया अजून सुचली नसेल तर ही घ्या, फ्री!

शहरातल्या नोकरदारांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांना क्लिनिक जवळ आहे, पण पाय काढायला जागा नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये सुधा चंद्रनने व्हिडिओ टाकून सांगितलं, की एअरपोर्टवर प्रत्येक वेळी सिक्युरिटीवाले तिला पाय काढायला लावतात. त्यावर सीआयएसएफने माफीही मागितली. एकीकडे जिथे नको तिथे पाय काढायची सक्ती आणि दुसरीकडे ऑफिसमध्ये, जिथे तो खरंच काढायला हवा, तिथे आडोसा नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कामाच्या ठिकाणी 'वाजवी सोय' करण्याची भाषा आहे. आपल्या एचआरच्या डोक्यात ही सोय रॅम्पवर सुरू होते आणि रॅम्पवरच संपते. सिएटलच्या त्या विश्रांतीच्या निष्कर्षाला इथल्या ऑफिसमध्ये काय लागेल? कडी असलेली एक खोली, एक खुर्ची, एक छोटा आरसा, हात धुवायला बेसिन आणि दुपारी अर्धा तास. एवढं बजेट तर ऑफिसच्या नव्या कॉफी मशीनपेक्षाही कमी आहे.

तोवर घरचं सामान तेच आहे, जे वर्षानुवर्षं चालत आलंय. रात्री पाय काढल्यावर हातात धरायचा आरसा. स्टंप साध्या साबणाने धुवायचा तो रात्री, सकाळी नाही, कारण ओली कातडी सॉकेटमध्ये घातली की दिवसभर चिकटते. मोबाइलमध्ये रोज त्याच उजेडात, त्याच कोनातून काढलेला एक फोटो, म्हणजे पुढच्या व्हिजिटला प्रोस्थेटिस्टला "दुखतंय का?" याच्यापलीकडे बघायला काहीतरी मिळतं. आणि बॅगेत मोजे. सँडर्स यांच्या लॅबमध्ये मोज्याचं काम मोटरने करणारी सॉकेट्सही तयार झालीत, ज्यांची भिंत आपोआप आतबाहेर सरकून स्टंपच्या मापाला येते. ती इकडे येईपर्यंत डब्याशेजारी दोन जाड, एक पातळ.